एकही फाइल गहाळ नाही

चौकशी समितीच्या अहवालातले चौथे कलम असे होते: ‘मुक्त संगणक-प्रणालीकडे झालेल्या स्थलांतरात संस्थेच्या कोणत्याही विभागातील एकही फाइल गहाळ झालेली नाही.’

वाक्य निर्दोष होते. बाईंनी ते आधी चष्म्याने वाचले, मग भिंग घेऊन वाचले. चाळीस वर्षे जुने मजकूर तपासण्यात घालवलेल्या माणसाला खोट्या मजकुराची एक खोड ठाऊक असते: तो गरजेपेक्षा जास्त बोलतो. हे वाक्य जास्त बोलत नव्हते. ‘कोणत्याही’ खरे होते, ‘एकही’ खरे होते आणि ‘गहाळ’ तर सोन्याहून पिवळे. कारण गहाळ व्हायला एखादी वस्तू लागते आणि जे गेले होते ते वस्तू नव्हते. स्थलांतरापूर्वी बाईंच्या संगणकावर सहाशे बारा छायाचित्रे होती. स्थलांतरानंतरही सहाशे बाराच होती. समितीने ती दोनदा मोजली आणि दुसऱ्या वेळी बाईंना साक्षीदार म्हणून शेजारी खुर्ची दिली. एखाद्या ग्रंथातली सगळी अक्षरे सुटी करावीत, सगळे ‘क’ एका ओळीत, सगळे ‘ख’ दुसऱ्या ओळीत लावावेत आणि ग्रंथाच्या धन्याला म्हणावे, घ्या मोजून, एक अक्षर कमी भरले तर सांगा. चौथे कलम त्या जातीचे सत्य होते.

असे सत्य रचायला बुद्धी लागते. समितीतल्या तिघांकडे ती नव्हती. एक हिशेबनीस, एक ग्रंथपाल आणि एक निवृत्त अधिकारी, ज्यांनी संपूर्ण चौकशीत फक्त पंखा कमी करायला सांगितले. वाक्य त्यांना कोणीतरी बाहेरून पुरवले होते. कोणी, हे बाईंनी शैलीवरून ओळखले. त्या हाताला पहिले वळण बाईंनीच दिले होते, पाटीवर, मूठ धरून.

तो हात बारकीचा होता. बारकी म्हणजे त्यांची धाकटी बहीण. वय एकोणपन्नास, संस्थेच्या संगणक विभागाची प्रमुख, हाताखाली चार माणसे. पण घरात पडलेले नाव पन्नाशीलाही उतरले नव्हते. आई गेली तेव्हा बारकी पाच वर्षांची होती आणि बाई एकोणीस. तेव्हापासून ताई म्हणजे आई, बाप, मास्तर आणि वेळप्रसंगी न्हावीसुद्धा. बारकीने मागितले आणि ताईने दिले नाही, असे एकदाही घडले नव्हते. हे कौतुक म्हणून सांगायचे नाही. पुढे जे झाले त्याचे ते एक कारण आहे.

आता त्या सहाशे बारा छायाचित्रांविषयी.

शहराबाहेर एक जुनी लेखनशाळा होती. लेखनिक घडवण्याची शाळा. तिथल्या एका भिंतीवर कोण्या गुरुजींनी डोक्याच्या उंचीवर एक ओळ कोरून ठेवली होती आणि त्याखाली शंभर-सव्वाशे वर्षे शिकाऊ मुले तीच ओळ खिळ्याने गिरवत आली होती, एकाखाली एक, भिंत संपेपर्यंत. रस्ता रुंद करताना भिंत पडली. गिलाव्याचे तुकडे पेट्यांत भरून संस्थेत आले, त्यांची छायाचित्रे निघाली आणि तुकडे इतके भुसभुशीत होते की पेट्या कायमच्या बंद करण्यात आल्या. उरली ती छायाचित्रे. ती जुळवायचे काम बाईंनी मागून घेतले. त्याला अकरा वर्षे झाली.

जुळवायची कशी, हे त्यांना कोणी शिकवले नाही आणि त्यांनी कोणाला विचारले नाही. पांडित्याची ती जुनी खोड आहे. पहिल्या आठवड्यात त्यांनी सहा छायाचित्रे संगणकाच्या मुख्य पडद्यावर ओढून आणली आणि एकमेकांना भिडवली. छायाचित्राचे नखाएवढे रूप तिथे दिसते, ते हवे तिथे सरकवता येते, आणि सोडले की तिथेच राहते. कडा जुळल्या. मग सातवे आले. दोन वर्षांनी एक पडदा पुरेना, तेव्हा त्यांनी दुसरा मागवून शेजारी लावला. जिथे इतर लोक डोंगराचे नाहीतर नातवंडाचे चित्र लावतात, तिथे बाईंची भिंत उभी राहिली. कोणता तुकडा कुठे बसतो, हे कोणत्याही फाइलमध्ये लिहिलेले नव्हते. ते फक्त तिथे होते. घरातली वडीलधारी बाई जसे डबे ओळखते, वरच्या फळीवर डावीकडून तिसरा, तसे. डब्यांवर नावे नसतात आणि तिला कधी लागतही नाहीत.

ज्या गोष्टीची चाहूल आधीपासून लागली होती, ती त्यांना अकराव्या वर्षी दिसली. त्या लिपीतले एक अक्षर पूर्वी उजवीकडे वळत असे; पुढे ते डावीकडे वळू लागले. सगळे ग्रंथ सांगत आले होते की हा बदल राजाज्ञेने झाला. भिंत वेगळे सांगत होती. मधोमध, गुडघ्याच्या उंचीवर, एका मुलाने ते अक्षर उलटे काढले होते. रेघांच्या खोलीवरून तो डावखुरा असल्याचे कळत होते. त्याच्या खालच्या मुलाने गुरुजींची ओळ पाहिलीच नाही; त्याने वरच्या मुलाचे पाहून काढले. त्याच्या खालच्याने त्याचे. राजाज्ञा नव्हे, एका डावखुऱ्या पोराची चूक, आणि तिच्यावर विश्वास ठेवणारी रांग. पुरावा एवढाच होता की कोण कोणाच्या खाली आहे.

बाईंना घाई होती. दोन वर्षांपासून त्यांच्या दोन्ही डोळ्यांत, बरोबर मधोमध, धुके धरत होते. डॉक्टरांनी वर्ष दिले होते, फार तर दीड. डोळे आहेत तोवर भिंत छापून द्यायची, एवढेच त्यांनी आयुष्याकडे मागायचे ठेवले होते.

मुक्त प्रणालीचा प्रस्ताव बारकीने मांडला तेव्हा बैठकीत सगळ्यांनी माना खाली घातल्या. बारकी तळमळीने बोलली. आपण वापरतो त्या प्रणालीच्या आत काय चालते हे पाहायची आपल्याला मुभा नाही. कंपनी म्हणेल तेव्हा बदलायचे, म्हणेल तेव्हा मशीन भंगारात काढायचे. नवी प्रणाली सगळ्यांची आहे, कोणीही उघडून पाहावी, दुरुस्त करावी, पुढे द्यावी. संचालकांनी बाईंकडे पाहिले. संस्थेत बाईंचे मत म्हणजे शिक्का. बाई उठल्या आणि म्हणाल्या की ज्ञान कुलपात ठेवणाऱ्यांशी मी आयुष्यभर भांडत आले, संगणकाचे कुलूप तेवढे मला प्रिय का असावे? प्रस्ताव संमत झाला. हे वाक्य अहवालात कलम सातमध्ये उद्धृत आहे, ‘संबंधित अभ्यासकांची पूर्वसंमती’ या मथळ्याखाली. प्रश्नचिन्ह मात्र काढून टाकले आहे.

मग स्वातंत्र्य आले, आणि ते मजल्यामजल्याने आले. तळमजल्यावर प्रिंटर अर्धे पान छापून थांबू लागला. जुन्या टंकातली पत्रे उघडली की अक्षरांच्या जागी चौकोन दिसत. अक्षरांच्या कळा जागा बदलून बसल्या, त्यामुळे तीस वर्षे टंकलेखन केलेल्या बाया एका बोटाने कळ शोधू लागल्या. स्कॅनरने तर कानावर हात ठेवले. मदतीसाठी जगभरच्या स्वयंसेवकांना लिहावे, तर ते तत्परतेने उत्तर देत की हा प्रश्न चार वर्षांपूर्वी विचारून झालेला आहे, आधी शोधावे. शोधले तर चार वर्षांपूर्वीही तेच उत्तर होते. हिशेबनीस जिन्यात भेटेल त्याला सांगत, ‘स्वतंत्र झालो बरं का आपण. फक्त छापता येत नाही.’ शिपाईमामा या प्रणालीला सूनबाई म्हणत. शिकलेली आहे, गुणी आहे, पण मीठ कुठंय विचारलं तर पुस्तक वाचा म्हणते.

बारकी सकाळी आठला येई आणि सगळ्यांच्या टेबलांखाली वाकलेली दिसे. तिच्या डोळ्यांखाली काळे आले. जो तो तिला टोमणे मारी आणि जो तो सवलत मागी. माझे मशीन तेवढे जुन्यावर राहू द्या. माझा विभाग निराळा आहे. तिने कोणाला सोडले नाही. एकाला सोडले की धरण फुटते, असे ती ताईच्या घरी चहा पिताना म्हणाली, आणि ताईने तिला डबा बांधून दिला.

बाईंची पाळी आली तेव्हा त्या डोळ्यांत इंजेक्शन घ्यायला दोन दिवस रजेवर होत्या. पडद्याच्या खाली त्यांच्या अक्षरात एक चिठ्ठी अकरा वर्षे चिकटवलेली होती: ‘यास हात लावू नये.’ तिसऱ्या दिवशी त्या परतल्या. चिठ्ठी जागच्या जागी होती. कोणी ती तसूभरही हलवली नव्हती.

पडद्यावर निळसर रिकामी जागा होती. एका कोपऱ्यात एक पिवळे पाकीट, त्यावर लिहिलेले: ‘जुना डेस्कटॉप’. ते उघडले. सहाशे बारा चौकोन, पंक्तीला बसल्यासारखे, पेटीच्या क्रमाने. एक, दोन, तीन. गुरुजींच्या ओळीचा तुकडा पायथ्याच्या मातीशेजारी. डावखुरा कुठेतरी तीनशेच्या घरात.

बाई ओरडल्या नाहीत. त्यांनी फोन करून बारकीला वर बोलावले. बारकी आली, तिने उभ्याउभ्या पाहिले आणि म्हणाली, ‘सगळं आहे गं ताई. मोजून बघ हवं तर.’

‘जागा कुठे आहेत?’

बारकीने सांगितले ते असे. तुकड्यांच्या जागा फाइलमध्ये नसतात. त्या जुन्या प्रणालीच्या स्वतःच्या नोंदवहीत, खोल कुठेतरी, असतात. स्थलांतर फाइलींचे होते. आणि जुनी प्रणाली? तिच्याच तबकडीवर, म्हणजे हार्ड डिस्कवर, नवी बसवली. जुनी पुसूनच बसवावी लागते. तबकडीवरचे पुसलेले परत आणणाऱ्या दोन माणसांकडे बारकी पुढे मशीन घेऊनही गेली. दोघांनी नकारार्थी माना हलवल्या. ही सगळी धावपळ तिने खरोखरच्या कासाविशीने केली, हे बाईंनी नोंदवून ठेवले आहे. पुराव्याशी लबाडी करायची नाही, तो आपल्या विरुद्ध असला तरी.

पडद्याचा कुठे एखादा फोटो? बाईंनी कधी काढला नव्हता. अपुरे काम दाखवायचे नाही, हा त्यांचा बाणा. आणि पडद्याचे चित्र एक कळ दाबून ठेवता येते, हे त्यांना त्या दिवशी कळले. पण मामांना आठवले. ग्रंथपालांच्या सत्काराच्या दिवशी त्यांनी आपल्या मोबाइलवर बाईंना त्यांच्या टेबलाशी बसवून फोटो काढला होता. सगळे मामांच्या मोबाइलवर वाकले. फोटो चांगला आला होता. बाई हसत होत्या. पाठीमागे दोन्ही पडदे, डावीकडे भिंतीची कड स्वच्छ, उजवीकडे पुसट; आणि मधोमध, जिथे पाहायचे होते तिथे, बाईंचे डोके.

‘मी म्हटलं होतं बाई, जरा बाजूला सरका,’ मामा म्हणाले. ‘तुम्ही म्हणालात, फोटो माझा काढताय का भिंतीचा?’

बाई हसल्या. मामांना बरे वाटावे म्हणून नव्हे. विनोद खरोखरच चांगला होता, आणि तो त्यांचाच होता.

त्यांनी पुन्हा सुरुवात केली. आधी सूनबाईंशी झुंजावे लागले. नवी प्रणाली तुकडे पडद्यावर ठेवू द्यायची, पण भिडवू द्यायची नाही. प्रत्येकाला आपापल्या अदृश्य चौकटीत ओढून नेऊन बसवायची. बारकीने एक दुपार घालवून ती खोड मोडली. दुसऱ्या दिवशी एक सुधारणा आपोआप बसली आणि खोड परत आली. बारकीने पुन्हा मोडली. मग दुसरा पडदा झोपेतून उठेनासा झाला, आणि उठला की त्यावरचे सगळे तुकडे पहिल्या पडद्यावर ढिगाने येऊन पडत, जणू भिंत रोज एकदा नव्याने पाडली जाई. बाई रोज रचत. मामांच्या फोटोवरून डावी कड जमली, एक्काहत्तर तुकडे. पुढचे आठवणीवर.

आठवण चोख होती. हाच तर घात झाला. चौथ्या आठवड्यात एका सकाळी त्यांचा हात न अडखळता चालला. गुडघ्याच्या उंचीवर त्यांनी डावखुऱ्याला बसवले, त्याच्याखाली त्याच्यावर विश्वास ठेवणारा पहिला, मग दुसरा, तिसरा. नऊ तुकडे, अर्ध्या तासात. पूर्वी याच नऊ तुकड्यांना दोन वर्षे लागली होती. बाई मागे रेलल्या. मग त्यांनी भिंग घेतले, आणि धुके चुकवायला मान वाकडी करून डोळ्याच्या कोपऱ्यातून त्या कडा तपासू लागल्या, जशा त्या दुसऱ्या कोणाच्या कामाच्या तपासत.

पहिल्या आणि दुसऱ्यामधली कड जुळत होती, किंवा जुळत नव्हती. धुक्यातून सांगता येईना. तिसरा तुकडा तिथे बसत होता. तो आणखी दोन ठिकाणीही बसला असता. पूर्वी तो कशामुळे तिथे ठेवला होता? काहीतरी कारण होते. एखादी चीर, चुन्याचा एखादा ओघळ, शेजारच्या शेजाऱ्याचा पुरावा. ते कारण भिंतीत होते आणि भिंत गेली. आता हाताला फक्त निष्कर्ष आठवत होता. तुकडे जिथे होते तिथे हात ते ठेवत होता, की बाईंच्या सिद्धान्ताला ते जिथे हवे होते तिथे? हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर इतरांना विचारला होता. त्यावर त्यांनी दोन विद्वानांची पुस्तके मोडीत काढली होती आणि त्यातल्या एकाने पुन्हा लेखणी उचलली नाही. त्या वेळी बाईंना वाटले होते, शास्त्रात दयामाया नसते.

त्यांनी नऊच्या नऊ तुकडे उचलून पाकिटात परत टाकले. मग एक्काहत्तरही. संगणक बंद केला. त्या खुर्चीत किती वेळ बसल्या ते मामांना ठाऊक. दोनदा चहा ठेवून दोनदा थंडगार उचलून नेला. तिसऱ्यांदा ते स्टुलावर बसून राहिले. घरात माती झालेली असली की शेजारी बसतात तसे.

तक्रार बाईंनी केली नाही. ती संचालकांनी, आपल्यावर येऊ नये म्हणून, स्वतःहून नेमलेल्या समितीने केली, ऐकली आणि निकालात काढली. अहवालाची प्रत त्यांच्या टेबलावर आली ती ‘वाचून मिळाल्याची सही करावी’ या शेऱ्यासह. बाईंनी चौथे कलम वाचले, मग सातवे, मग पुन्हा चौथे. सही केली. प्रत पिशवीत घातली आणि जिना उतरून, कठडा धरत, संगणक विभागात गेल्या.

दुपारची जेवणाची सुटी होती. खोलीत बारकी एकटीच होती, पुढ्यात न उघडलेला डबा. ताईला पाहताच तिने खुर्ची रिकामी केली, डोळ्यांत औषध घातलंस का म्हणून विचारले. बाईंनी घातले असे सांगितले. मग त्यांनी अहवाल टेबलावर ठेवला आणि चौथ्या कलमावर बोट ठेवले.

‘हे तू लिहिलंस.’

‘त्यांनी मागितलं. मी फक्त खरं तेच लिहिलं, ताई.’

‘ते दिसतंय. फार काळजीपूर्वक खरं लिहिलंय. इतकी काळजी अजाण माणूस घेत नाही.’ बाईंचा आवाज वर्गात पाठ तपासताना असे तसाच होता. ‘मला नुकसानभरपाई नको, माफी नको. मला एक नोंद पुरी करायची आहे. माझं मशीन पुसण्याआधी तू पडदा पाहिला होतास का?’

बारकीने डब्याचे झाकण अर्धे फिरवले आणि परत घट्ट केले. बाहेर कोणीतरी अर्ध्यावर अडकलेल्या प्रिंटरला थापट्या मारत होते. बाईंनी पिशवीतून वही काढली, पेन उघडले, आणि वही डोळ्यांच्या एका बाजूला, जिथे अजून दिसत होते तिथे, धरली. संशयित मजकूर उतरवून घेताना त्यात आपले काही मिसळायचे नाही, सुधारायचे नाही, आणि मध्येच थांबायचे नाही, एवढे त्यांना चाळीस वर्षांत साधले होते. बारकी बोलली ते वहीत असे आहे:

‘पाहिला होता. बराच वेळ पाहिला, तुझ्या खुर्चीत बसून. ती भिंत आहे हे मला लगेच कळलं. जागांची नोंद कुठं असते तेही माहीत होतं, ती काढून ठेवायला दहा मिनिटं लागली असती, पण नव्या प्रणालीत ती उघडता आली नसती, म्हणजे तुझं मशीन जुन्यावरच ठेवावं लागलं असतं. आणि तुला सोडलं असतं तर कोणीच आलं नसतं, ताई, सगळे तुझ्याकडे बोट दाखवून बसले असते. तुला फोन करणार होते. नंबर लावलाही होता. पण तू दवाखान्यात होतीस आणि... नाही, ते कारण नाही. तू आजवर मला कधी नाही म्हणाली नाहीस. त्या दिवशी म्हणाली असतीस. मला ते ऐकायचं नव्हतं, म्हणून मी पुसलं.’